वंश, ऐपत, पदक : बंदुकीच्या परवान्याची दीडशे वर्षे

शस्त्र अधिनियम, १९५९ या कायद्याच्या चौदाव्या कलमात एक लहानसे पोटकलम आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून त्याला परवाना नाकारता येणार नाही, असे ते सांगते. कायद्यात अशी वाक्ये विनाकारण येत नाहीत. एखाद्या देवळाच्या दारावर 'जोडे बाहेर काढावेत' अशी पाटी दिसली, की लोक जोडे घालून आत जात होते हे न सांगता कळते. त्याचप्रमाणे, बंदुकीच्या परवान्यासाठी माणसाची ऐपत पाहिली जात होती आणि स्वतंत्र भारताच्या संसदेला ते थांबवावेसे वाटले, हे या पोटकलमावरून कळते.

या एका वाक्याच्या मागे आणि पुढे मोठा इतिहास आहे. शस्त्र कोणी बाळगावे, याचा निकष आपल्याकडे दीडशे वर्षांत दोनदा बदलला. आधी वंश पाहिला गेला, मग प्रतिष्ठा आणि मालमत्ता, आणि आता खेळाडूच्या बाबतीत पदक व गुण. निकष बदलत गेले, तरी हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या मुलाला किंवा मुलीला नेमबाजी शिकायची असेल तर काय पडते, हा प्रश्न या तिन्ही टप्प्यांच्या उजेडात पाहण्याजोगा आहे.

लिटनचे दोन कायदे

१८५७च्या उठावानंतर इंग्रज सरकारने ठिकठिकाणी लोकांची शस्त्रे काढून घेतली. पण त्या धोरणाला कायमचे रूप आले ते १८७८मध्ये. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले : देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा एक आणि शस्त्रांवर निर्बंध घालणारा दुसरा. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांच्या काळात, १८८२मध्ये, रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र त्यानंतरही टिकला. इंग्रज गेले, राज्यघटना आली, दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या, तरी तो चालूच होता. लेखणीवरचे बंधन चार वर्षांत सैल झाले आणि बंदुकीवरचे ऐंशी वर्षे राहिले, यावरून राज्यकर्त्यांना भीती कशाची होती ते दिसते.

या कायद्यातला खरा काटा परवान्याच्या अटीत नव्हता, तो सवलतींत होता. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना परवान्याच्या अटीतून सूट होती. एतद्देशीयांपैकी काही राजेरजवाडे, जमीनदार आणि मानकरी यांनाही ती मिळे. बाकीच्यांनी अर्ज करायचा आणि जिल्ह्याच्या साहेबाच्या मर्जीची वाट पाहायची. म्हणून १८८७च्या मद्रास अधिवेशनापासून राष्ट्रसभेने या कायद्याबद्दल तक्रार मांडली. पुढे महात्मा गांधींनीही, अहिंसेचे पुरस्कर्ते असूनही, एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्यावर कठोर टीका केली. त्यांचा रोख बंदुकीच्या बाजूने नव्हता. अपमान सवलतींच्या यादीत होता.

१९२०च्या नियमांनी वंशावर आधारलेली सूट काढली. गोरा आणि काळा हा भेद कागदावरून गेला. पण अधिकाऱ्याच्या हाती असलेला विवेकाधिकार राहिलाच, आणि अधिकारी पाहणार ते अर्जदाराचे वजन : जमीन किती, सारा किती भरतो, गावात मान काय. वंशाच्या जागी ऐपत आली ती अशी.

पैनगंगेच्या अलीकडे

आजचा हिंगोली जिल्हा या काळात निजामाच्या राज्यात होता, म्हणून १८७८चा कायदा इथल्या गावांना थेट लागू नव्हता. तरीही बंदूक आणि सत्ता यांचे नाते हिंगोलीइतके जवळून पाहिलेली गावे मराठवाड्यात थोडीच असतील. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमाखाली चालणारी ही फौज बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर आणि हिंगोली इथे असे. तिच्या पगाराच्या थकबाकीपायी १८५३च्या तहात वऱ्हाड निजामाच्या हातून इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०३मध्ये ही फौज हिंदी लष्करात सामावून घेतली गेली.

शस्त्र एका बाजूलाच असण्याचा दुसरा आणि कडवट अनुभव या भागाला १९४७-४८मध्ये आला. रझाकार हत्यारबंद फिरत होते आणि राज्य त्यांच्याकडे कानाडोळा करत होते. अनेक कुटुंबे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडसारख्या सीमेवरच्या कॅम्पांतून प्रतिकार चालला. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आले. मराठवाड्याच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात त्यामुळे बंदुकीबद्दल दोन्ही भावना एकत्र नांदतात : ती ज्याच्या हाती असते त्याची भीती, आणि आपल्या हाती नव्हती याची खंत.

घटना समितीतला एक प्रश्न

१९३१च्या कराची अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला होता. त्याचा आधार घेऊन डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क राज्यघटनेत घालण्याची सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. बाजारात जाऊन कोणीही बेरोकटोक मारक साधने विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. सूचना फेटाळली गेली. तेव्हापासून भारतात बंदूक हा हक्क नाही. ती परवानगी आहे, आणि परवानगीचा न्याय देणाऱ्याच्या निकषांवर अवलंबून असतो.

आंबेडकरांचा मुद्दा जुना झालेला नाही. २०२४च्या अखेरीस बीड जिल्ह्यात एका सरपंचाच्या हत्येनंतर शस्त्र-परवान्यांचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि गुन्हे दाखल असलेल्या अनेकांचे परवाने रद्द करण्यात आले. कमरेला पिस्तूल हा प्रतिष्ठेचा दागिना झाला की काय होते, हे मराठवाड्याने जवळून पाहिले. तेव्हा परवान्याची चाळण बारीक असावी, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो चाळणीत काय अडकते आणि काय खाली पडते, याबद्दल.

शिकारीपासून निशाणापर्यंत

१९५९चा कायदा १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात एक महत्त्वाची गोष्ट आहे. काही प्रकारांत परवाना देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे, अर्थात अर्जदार इतर दृष्टींनी अपात्र नसेल तर. त्यातला एक प्रकार शेतकऱ्याचा : पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. रानडुकरे आणि रोही यांनी एका रात्रीत सोयाबीन-हरभऱ्याची नासाडी केलेली पाहणाऱ्या हिंगोलीच्या शेतकऱ्याला ही तरतूद समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरा प्रकार स्वसंरक्षण किंवा 'स्पोर्ट' यांसाठी लांब नळीच्या छऱ्याच्या बंदुकीचा. आणि तिसरा नेमबाजाचा : केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबाच्या सदस्याला निशाण साधण्याच्या सरावासाठी पॉइंट बावीस रायफल किंवा एअर रायफल.

कायदा झाला तेव्हा 'स्पोर्ट' या शब्दाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ शिकार असाच होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले. त्यानंतर खेळ म्हणून बंदूक हाती धरायची तर समोर कागदी निशाणच उरले. राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा छंद अशी ज्याची ओळख होती, तो आता गुणांनी मोजला जाणारा खेळ झाला.

या खेळाची संघटना मात्र आधीच उभी राहिली होती, आणि तिच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. पुढे पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झालेले गणेश वासुदेव मावळंकर यांनी १९५१मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना केली. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे, आयुष्य अहमदाबादेत गेले. सामान्य नागरिकाने शस्त्र हाताळायला शिस्तीने शिकावे, हा या संस्थेचा सुरुवातीचा हेतू होता. राष्ट्रीय स्पर्धेत जाण्यासाठी नेमबाजांना ज्या पात्रता स्पर्धेतून जावे लागते, ती आजही मावळंकरांच्या नावाने भरते.

महाराष्ट्राची नेमबाजी आणि तिचा नकाशा

महाराष्ट्राने या खेळाला दिलेली माणसे आठवली की मान ताठ होते. अशोक पंडित यांनी १९९०मध्ये ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. अंजली भागवत राष्ट्रीय छात्रसेनेच्या वाटेने या खेळात आल्या, वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर घडल्या आणि २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४च्या अथेन्समध्ये तीच मजल मारली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये १० मीटर एअर रायफलचे विश्वविजेते झाले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले.

ही नावे नकाशावर मांडून पाहावीत. मुंबई, ठाणे, पनवेल, पुणे, कोल्हापूर. वरळीची रेंज, बालेवाडीचे क्रीडासंकुल, कोल्हापूरची परंपरा. मराठवाड्यात नजर किंवा हात कमी पडतो असे कोणी म्हणणार नाही. फरक अंतराचा आहे, आणि परवान्याचा प्रश्न इथे खेळाच्या प्रश्नाला येऊन मिळतो. कायदा म्हणतो, मान्यताप्राप्त क्लबाच्या सदस्याला परवाना द्या. ज्याच्या जवळपास त्या तोडीची रेंज नाही, त्याच्यासाठी हे कर्तव्य कागदावरच राहते.

खर्चाचा हिशेब

परवाना महाग आहे, अशी तक्रार नेमबाजांत नेहमी ऐकू येते. हिशेब नीट मांडला तर ती अर्धीच खरी ठरते. सरकारी शुल्क या खेळाच्या एकूण खर्चात फार लहान आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनी वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण, घरी ते कुलूपबंद ठेवण्याची सोय आणि पोलीस अहवाल यांची पद्धत घालून दिली. यांतली प्रत्येक अट स्वतंत्रपणे पाहिली तर रास्त आहे. पण प्रत्येक अटीला एक खेप लागते, आणि प्रत्येक खेपेला एक दिवस. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या खेड्यातून जिल्ह्याच्या गावी जायचे, साहेब नाहीत म्हणून परतायचे, पुन्हा जायचे. नोकरदार माणसाची यात रजा जाते, रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी जाते. शुल्क सगळ्यांना सारखे असते, दिवसाची किंमत सारखी नसते.

या बाबतीत हिंगोलीचा अनुभव बोलका आहे. १ मे १९९९पूर्वी हिंगोली हा परभणी जिल्ह्याचा भाग होता, आणि परवान्याच्या अर्जासाठी सत्तरएक किलोमीटरवरच्या परभणीला जावे लागे. जिल्हा झाला, जिल्हाधिकारी कार्यालय गावात आले, परवाना जवळ आला. रेंज मात्र होती तिथेच राहिली. शासनाचे विकेंद्रीकरण झाले, खेळाचे झाले नाही.

खरा खर्च पुढे आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला बाहेरून शस्त्र आणणे बंद झाले. स्पर्धेच्या दर्जाच्या रायफली जर्मनीसारख्या देशांतून येतात. त्या आणण्याची मुभा 'नामांकित नेमबाज' या वर्गाला आहे, आणि राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक किमान गुण मिळवल्यावर माणूस त्या वर्गात बसतो. साधी स्पर्धायोग्य एअर रायफलसुद्धा दोन-तीन लाखांच्या घरात जाते, पॉइंट बावीस त्याहून वर. त्यात गोळ्यांचा खर्च. ५० मीटर प्रकारात नुसत्या पात्रता फेरीला ६० गोळ्या लागतात. सरावात दिवसाला शंभर धरल्या तर महिन्याचा हिशेब कोणीही करू शकेल. स्वप्नील कुसाळे यांचे वडील शिक्षक. मुलाच्या सरावासाठी त्यांनी कर्ज काढले होते, हे पदकानंतर महाराष्ट्राने वाचले. ज्या घरात दरमहा पगार येतो तिथे कर्ज मिळते. जिथे सोयाबीनच्या भावावर वर्ष ठरते, तिथे या कारणासाठी ते कोण देणार?

तिसरा निकष

अलीकडच्या बदलांची दिशा पाहिली तर चित्र आणखी स्पष्ट होते. २०१९च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. त्यापाठोपाठ फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्र सरकारने खेळाडूंसाठी सवलती वाढवल्या. आंतरराष्ट्रीय पदकविजेते आणि नामांकित नेमबाज यांना विशेष वर्गात १२पर्यंत शस्त्रे ठेवता येतात. कनिष्ठ आणि होतकरू नेमबाजांची मर्यादा एकावरून दोन झाली. सरावासाठीच्या गोळ्यांचे प्रमाणही वाढवले गेले.

या सवलतींबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. ज्याने देशासाठी पदक आणले त्याला कार्यालयात ताटकळत ठेवणे लाजिरवाणे आहे. पण यादीची रचना पाहावी. जो शिखरावर पोचला त्याला सगळ्यांत जास्त, जो चढतो आहे त्याला थोडे. जो पायथ्याशी उभा आहे, त्याच्यासाठी फक्त अर्जाचा नमुना. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू नये, असे सांगण्यासारखे हे आहे. गुण मिळाले तर चांगली रायफल मिळेल, आणि चांगल्या रायफलीशिवाय गुण मिळत नाहीत. १८७८मध्ये जन्म पाहिला गेला, नंतर सारा पाहिला गेला, आता गुणपत्रिका पाहिली जाते. तिसरा निकष पहिल्या दोघांपेक्षा कितीतरी न्याय्य आहे, कारण गुण कमावता येतात. पण ते कमावण्याची जागा मोजक्या शहरांत असेल, तर जन्मगाव पुन्हा मागच्या दाराने आत येते.

कायद्याने एक दार मात्र खरोखर उघडे ठेवले आहे. ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही, खरेदीच्या वेळी ओळखीचा पुरावा पुरतो. ऑलिंपिकमधला १० मीटरचा प्रकार याच मापाच्या शस्त्राने खेळला जातो. त्यासाठी पन्नास मीटरचे मैदान नको, शाळेचे एक लांब सभागृह, भक्कम मागची भिंत आणि जाणता प्रशिक्षक असला तरी पुरते. शिवाय सामान्य परवान्याला वयाची अट २१ असली, तरी बारा वर्षांवरच्या मुलाला प्रशिक्षणात, देखरेखीखाली, शस्त्र हाताळण्याची मुभा आहे. म्हणजे कायदा सुरुवात अडवत नाही. तो अडवतो दहा मीटरकडून पंचवीस आणि पन्नास मीटरकडे जाताना.

सामाईक बंदूक

जर्मनीत खेळासाठी स्वतःचे शस्त्र घ्यायचे असेल, तर आधी किमान बारा महिने क्लबात नियमित सराव केल्याचे दाखवावे लागते. अट कडक आहे, पण तिच्यामागे एक सोय गृहीत आहे : त्या बारा महिन्यांत नवख्याच्या हाती क्लबाची बंदूक असते. स्वित्झर्लंडमध्ये नेमबाजीच्या ठरावीक कार्यक्रमांसाठी सरकार गोळ्यांना अनुदान देते. ब्रिटनने याउलट, १९९६च्या डनब्लेन शाळेतल्या हत्याकांडानंतर हातातल्या पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आणली आणि त्यांच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले. सुरक्षितता आणि खेळ यांचा मेळ घालण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. खासगी बंदुका वाढू न देता खेळ वाढवण्याची जी तऱ्हा आहे, तिचे नाव सामाईक बंदूक.

आपल्यालाही ती नवी नाही. अंजली भागवत छात्रसेनेतून आल्या, कुसाळे क्रीडा प्रबोधिनीतून आणि पुढे रेल्वेच्या नोकरीतून. लष्कराने तर कित्येक खेडुतांना नेमबाज केले. यांपैकी कोणाचीही सुरुवात जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अर्जाने झाली नाही. संस्थेची बंदूक, संस्थेची गोळी, संस्थेचा पहारा, आणि वर येईल त्याचे नाव. यात ऐपत मागे पडते आणि बीडसारखी भीतीही उरत नाही, कारण शस्त्र रात्री संस्थेच्या कुलपात असते.

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे, महाविद्यालयांत छात्रसेना आहे. कंटिंजंटच्या छावणीपासून आजपर्यंत या गावाला बंदुकीचा आवाज परका नाही. तो आवाज आजवर नेहमी राज्याच्या बाजूने आला. जिल्हा क्रीडा संकुलात दहा मीटरच्या काही लेन, संस्थेच्या मालकीच्या चार रायफली, आणि वर्षातून काही दिवस पोलिसांच्या रेंजवर देखरेखीखाली लांब पल्ल्याचा सराव, एवढे झाले तरी तेराव्या कलमातले कर्तव्य आणि चौदाव्या कलमातले ते पोटकलम यांना या जिल्ह्यात पहिल्यांदा अर्थ येईल. मालमत्ता नाही म्हणून नाकारू नका, असे संसदेने १९५९मध्ये अधिकाऱ्यांना सांगितले. नाकारण्यासाठी आधी कोणीतरी अर्ज करण्याइतके पुढे यावे लागते.